दुसऱ्यावर बोट ठेवण्याआधी स्वतःची झडती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वाशिम, अमरावतीकडच्या खेड्यांत घरगुती प्रार्थना संपली की चहा येईपर्यंत ज्या गप्पा होतात त्यातल्या निम्म्या कोणाच्या तरी घराबद्दल असतात. कोणाचा पोरगा कुठे बसतो, कोणाच्या सुनेचं काय, कोणी कर्ज काढून बुलेट घेतली. मग कोणीतरी बायबलातला मत्तयचा सातवा अध्याय काढतं, ज्यात येशू "दोष काढू नका" म्हणतो, आणि प्रश्न सुरू होतात. तेच प्रश्न इथे एकत्र केलेत, बरेचसे लोक विचारतात तसेच ठेवलेत. उत्तरं बायबलच्या आधाराने आहेत, आणि जिथे माझं मत आहे तिथे माझं मत म्हणून सांगितलंय.

"दोष काढू नका" म्हणजे कोनाले काहीच बोलाचं नाही का?

नाही, तसं नाहीये, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे. लोक मत्तय ७ चं पहिलं वचन वाचतात आणि थांबतात, पण येशू पाचव्या वचनापर्यंत बोलतोय आणि तिथे तो म्हणतो की आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे भावाचं कुसळ काढायचंच आहे, ते तसंच राहू दे असं तो कुठेच म्हणत नाही, डोळ्यात कुसळ असलेल्या माणसाला त्रास होतोच ना. फक्त क्रम ठरवून दिलाय. त्याच अध्यायात पुढे खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहा, त्यांच्या फळांवरून त्यांना ओळखा असंही आहे, आता पारखल्याशिवाय ओळखणार कसं? आणि योहान ७:२४ मध्ये तर सरळ सांगितलंय की वरवर पाहून न्याय करू नका, योग्य न्याय करा.

मुसळ आधी काढाचं म्हणजे आपण पूर्ण निर्दोष झाल्यावरच बोलाचं? असा तर कोनीच सापडणार नाही.

बरोबर, कोणीच सापडणार नाही, आणि येशूला ते माहीत होतं. इथे मागणी निर्दोष असण्याची नाहीये. मागणी ही आहे की ज्या बाबतीत मी दुसऱ्याला बोलायला निघालोय त्याच बाबतीत मी स्वतःला आधी तपासलंय का. गलतीकरांस पत्रात ६:१ ला पौल (येशूचा प्रेषित) सांगतो की कोणी चुकलेला सापडला तर त्याला सौम्यतेने परत ताळ्यावर आणा, आणि आणताना स्वतःकडे लक्ष ठेवा नाहीतर तुम्हीही मोहात पडाल. ज्याने स्वतःच्या आत डोकावून पाहिलंय त्याचा आवाजच वेगळा लागतो, ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

"ज्या मापाने तुम्ही मापाल त्याच मापाने तुम्हाला मापून मिळेल" हे कास्तकाराले कसं समजवाचं?

कास्तकाराला हे समजवावं लागत नाही. कापूस घेऊन बाजारात गेलं आणि व्यापाऱ्याने काटा मारला तर काय वाटतं हे आपल्याकडे लहान पोराला पण माहीत आहे. आता विचार करा, आपण स्वतः घरात दोन काटे ठेवतो. आपला पोरगा खर्रा (तंबाखू-सुपारी) खातो तर "संगतीनं बिघडला बिचारा", शेजाऱ्याचा खातो तर "संस्कारच नाहीत घरात". आपल्याला सोसायटीचं कर्ज भरता आलं नाही तर "औंदा पिकलंच नाही", दुसऱ्याने भरलं नाही तर "नियतच खराब". नीतिसूत्रे २०:१० मध्ये लिहिलंय की दोन प्रकारची वजनं आणि दोन प्रकारची मापं या दोन्हींचा परमेश्वराला वीट आहे. येशू म्हणतोय की जो काटा तू दुसऱ्यासाठी वापरतोस तोच तुझ्यासाठी लावला जाईल. हे नुसतं ऐकूनच बरेचदा माणूस गप्प होतो.

गावात कोन्या कास्तकारानं आत्महत्या केली की लोक म्हणतात "पित होता", "लग्नात उधळले पैसे". ख्रिस्ती माणसानं काय म्हणावं?

या प्रश्नावर थोडं जास्त लिहितो, कारण विदर्भात न्याय करण्याचं पाप सगळ्यात जास्त इथेच होतं असं माझं मत आहे.

लूक १३ उघडा. काही लोक येशूकडे बातमी घेऊन आले, रोमी सुभेदार पिलाताने गालीलातल्या काही माणसांना यज्ञ चालू असतानाच मारलं होतं. येशू त्यांना विचारतो, ते बाकी गालीलकरांपेक्षा जास्त पापी होते असं वाटतं का तुम्हाला? आणि मग स्वतःहून दुसरं उदाहरण देतो, शिलोहातला बुरूज पडून १८ माणसं मेली, ती यरुशलेमेतल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होती का? दोन्ही वेळा उत्तर "मुळीच नाही". आणि दोन्ही वेळा पुढचं वाक्य हे की तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही असाच नाश होईल. लोक मेलेल्यांबद्दल बोलायला आले होते आणि त्याने त्यांचं तोंड त्यांच्याकडेच फिरवलं.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर गेले तेव्हा किती जण म्हणाले, "तोंडाले कापड बांधलं नसन त्यानं". तो ज्या उन्हात, ज्या उंच वाढलेल्या कपाशीत, ज्या मजुरीवर पंप पाठीला लावून फिरत होता ते बोलणाऱ्याला दिसलं नाही. दोष मेलेल्यावर टाकला की आपल्याला बरं वाटतं, कारण मग आपल्यावर ती वेळ येणार नाही असा धीर येतो. मला वाटतं या बोलण्याच्या मुळाशी भीती असते.

बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली आणि त्याचे तीन मित्र आले तेव्हा पहिले ७ दिवस आणि ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तोपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी पाप असेल हे सिद्ध करायला लागले, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला आणि त्यांच्यासाठी प्रार्थना कोणाला करावी लागली तर ईयोबालाच. म्हणून अशा घरी जायचं तर बसायचं. चूल पेटली नसेल तर डबा न्यायचा, लेकरांच्या शाळेचं बघायचं, तलाठी कार्यालयात कागद घेऊन त्या बाईसोबत जायचं. कारणं शोधायचं काम आपल्याकडे कोणी दिलेलं नाही.

पोरीबाळींच्या चारित्र्याबद्दल गावात बोललं जातं, मंडळीत (चर्चमध्ये) पन बोललं जातं. बायबलात याच्यावर काही हाय का?

आहे, आणि फार कडक आहे. सगळ्यांना योहान ८ आठवतो, व्यभिचारात धरलेली बाई आणि "ज्याने पाप केलं नसेल त्याने पहिला दगड टाकावा". (हा भाग योहानाच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांमध्ये नाही, बऱ्याच बायबलात तशी टीप असते, पण मंडळीने तो जपून ठेवला आणि येशूच्या बाकी वागण्याशी तो जुळतो.) त्यात एक गोष्ट लक्षात घ्या, दगड न मारता निघून जाणाऱ्यांमध्ये पहिले वडीलधारे होते. पांढऱ्या केसांनी आधी हातातला दगड सोडला. आपल्याकडे उलटं होतं, वडीलधारेच सगळ्यात शेवटपर्यंत बसून असतात. आणि पुरुष कुठे होता, त्याला का नाही आणलं, हा प्रश्न तर कोणी विचारलाच नाही.

पण मला उत्पत्ती ३८ जास्त महत्त्वाचा वाटतो, जो उपासनेत सहसा वाचलाच जात नाही. तामार ही यहूदाची सून, यहूदाची दोन मुलं, म्हणजे तिचे एकामागे एक झालेले नवरे, वारली आणि ती विधवा झाली, तिसऱ्या मुलाशी लग्न लावून देतो असं सांगून यहूदाने तिला माहेरी पाठवून दिलं आणि शब्द पाळला नाही. पुढे ती वेश बदलून रस्त्यावर बसली आणि यहूदाच तिच्याकडे गेला, ओळखलं नाही. तीन महिन्यांनी कळलं की सून गरोदर आहे, तर याने लगेच निकाल दिला, बाहेर काढा, जाळून टाका. एक चौकशी नाही. मग तिने त्याचीच मोहर, गोफ आणि काठी पाठवून दिली की ज्याच्या या वस्तू त्याच्यापासून मी गरोदर आहे. तेव्हा यहूदा म्हणाला, माझ्यापेक्षा ती नीतिमान आहे. मत्तयच्या पहिल्या अध्यायात येशूच्या वंशावळीत तामारचं नाव आहे. ज्या मंडळीत एखाद्या पोरीबद्दल कुजबुज चालते तिथे हा अध्याय मोठ्याने वाचावा.

आपलं मुसळ आपल्यालेच दिसत काहून नाही?

कारण आपण ते दुसऱ्याच्या गोष्टीत असलं तरच ओळखतो. दावीद राजाचं बघा, २ शमुवेल ११ आणि १२. उरियाची बायको घेतली, उरियाला लढाईत पुढे ठेवून मारवलं, मूल जन्मलं तरी गप्प होता. नाथान संदेष्टा आला आणि त्याने एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली जी श्रीमंताने हिसकावून पाहुण्यासाठी कापली, तर दावीद एकदम भडकला, तो माणूस मरणाला पात्र आहे, चौपट भरून दिलं पाहिजे! नाथान म्हणाला, तो माणूस तूच आहेस. दावीदाचं न्यायाचं डोकं एकदम शाबूत होतं, फक्त ते स्वतःवर चालत नव्हतं. म्हणून दुसऱ्याच्या कोणत्या चुकीवर आपला राग प्रमाणाबाहेर जातो ते पाहायचं, बरेचदा तिथेच आपलं काहीतरी दडलेलं असतं. रोमकरांस २:१ मध्ये पौल हेच म्हणतो, ज्याबद्दल तू दुसऱ्याला दोष देतोस तेच तू स्वतः करतोस. आणि प्रत्येकाला एक नाथान लागतो, बायको असेल, मोठा भाऊ असेल, जुना मित्र असेल, जो तोंडावर सांगू शकेल आणि आपण त्याचं ऐकून घेऊ.

स्वतःची झडती रोज घ्याची तर घ्याची कशी?

साधी पद्धत सांगतो. रात्री जेवण झाल्यावर, मोबाईल बाजूला ठेवून, दहा मिनिटं. कॅथलिक लोकांमध्ये संत इग्नेशियस लोयोला यांच्यापासून (१६ वं शतक) ही पद्धत चालत आलीये: आधी दिवसाबद्दल देवाचे आभार, मग प्रकाश मागायचा की मला खरं दिसू दे, मग सकाळपासून दिवस डोळ्यासमोरून न्यायचा, जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची, आणि उद्यासाठी एक गोष्ट ठरवायची. स्तोत्र १३९ ची शेवटची दोन वचनं सोबत म्हणा, "हे देवा, माझी झडती घे". झडती देवाने घ्यायची आहे हे महत्त्वाचं, आपण आपली घेतली की एकतर फार सोडून देतो नाहीतर फार झोडपतो.

एकट्याने जमत नसेल तर दोघं-तिघं मिळून करा. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये लहान गटांसाठी नियम लिहिले होते, आठवड्यातून एकदा तरी भेटायचं आणि प्रत्येकाने सांगायचं की मागच्या भेटीनंतर माझ्या हातून माहीत असलेलं कोणतं पाप घडलं, कोणता मोह आला, त्यातून कसा सुटलो. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट आणि वाशिमकडे नाझरीन मंडळ्या आहेत त्या याच वेस्लीच्या परंपरेतल्या, म्हणजे ही आपल्याच घरातली गोष्ट आहे, पण आता असे गट कमी दिसतात. मला वाटतं ते परत सुरू व्हावेत. एकच अट, तिथे बोललेलं तिथेच राहिलं पाहिजे. ते बाहेर गेलं तर कोणी पुन्हा तोंड उघडणार नाही आणि तो दोष त्या माणसाचा नसेल.

दिवस तपासताना नेमके प्रश्न विचारा. आज मी कोणाबद्दल त्याच्या माघारी बोललो? मजुराला मजुरी वेळेवर दिली का? घरात बायकोशी ज्या आवाजात बोललो त्या आवाजात सरपंचाशी बोललो असतो का?

प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात त्याच्या) आधी "स्वतःची परीक्षा करा" असं सांगतात, मंग काही जण भाकर घेतच नाहीत. बरोबर हाय का?

१ करिंथ ११ मध्ये पौलाने हे का लिहिलं ते वाचा. करिंथात लोक एकत्र जेवायला जमायचे, ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊन घ्यायचे, प्यायचे सुद्धा, आणि गरीब उपाशी राहायचे. त्यावर तो म्हणतो की प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. "मग खावी" असं आहे, "मग घरी जावं" असं नाही. आणि परीक्षा आधी कशाची तर मी माझ्या भावाला, विशेषतः गरीब भावाला, कसं वागवलं याची. म्हणून भांडण असेल तर मिटवून या आणि घ्या. आणि कोणी भाकर घेतली कोणी नाही घेतली हे मान वळवून पाहत बसणं बंद करा, परीक्षा स्वतःची सांगितलीये.

खरंच कोनी चुकत असंल तर सांगाचं कसं?

मत्तय १८:१५ ते १७. आधी एकट्याने जाऊन त्यालाच सांग. ऐकलं तर भाऊ परत मिळाला. नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत घे. तरी नाही तर मंडळीला सांग. आपल्याकडे आधी पानठेल्यावर कळतं, मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर, मग महिला मंडळात, आणि ज्याचं आहे त्याला सगळ्यात शेवटी, तेही तिसऱ्याच्या तोंडून. पहिली पायरी गाळली की बाकीच्या पायऱ्यांना अर्थ राहत नाही.

जाण्याआधी खात्री करा की ऐकलेलं खरं आहे. प्रोटेस्टंट सुधारणेचे नेते मार्टिन लूथर यांनी १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत खोटी साक्ष देऊ नको या आज्ञेबद्दल लिहिलंय की शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याबद्दल चांगलं बोलावं आणि त्याच्या वागण्याचा चांगल्यात चांगला अर्थ लावावा. पोरगा रात्री उशिरा येतो तर दारूच पीत असेल असं कशाला, ओलिताची पाळी रात्रीची असू शकते, लाईन (वीज) बरेचदा रात्री येते ना आपल्याकडे.

नवरा मारतो, लेकराले कोनी त्रास देतो, तेव्हा पन "दोष काढू नका" म्हनून गप बसाचं का?

अजिबात नाही. हे वचन दुबळ्याचं तोंड बंद करायला वापरणं हे स्वतःच मोठं पाप आहे आणि ज्या मंडळीत असं होतं तिने आधी स्वतःला तपासावं. बाईला मारहाण होत असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायदा आहे, महिला हेल्पलाईन १८१, तातडीची मदत ११२. लेकराच्या बाबतीत १०९८. लेकरावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं माहीत असून पोलिसांना न कळवणं हा २०१२ च्या पोक्सो कायद्यात गुन्हा आहे, पास्टर असो की मंडळीतला वडील (एल्डर). मत्तय १८ मधली "एकट्याने जाऊन सांग" ही पायरी मार खाणाऱ्या बाईला सांगू नका, तिला आधी सुरक्षित जागी न्या.

गावातले दुसऱ्या धर्माचे लोक जे करतात त्याच्यावर आपन बोलावं का?

१ करिंथ ५:१२ मध्ये पौल विचारतो, बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम आहे का? आपल्या भागात हे विशेष लक्षात ठेवलं पाहिजे, गावात वारकरी आहेत, बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, गोंड-कोलाम आहेत, गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आहे, आणि गाडगेबाबा तर याच अमरावती जिल्ह्यातले, कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचारून त्यांचं त्यांनाच दाखवून द्यायचे. स्वतःकडे पाहण्याची शिकवण फक्त आपल्याकडेच आहे असं समजायचं कारण नाही. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले, त्यांनी तरुणपणी लंडनमध्ये डोंगरावरचं प्रवचन वाचलं होतं आणि ते थेट मनाला भिडलं असं लिहून ठेवलंय. त्याच प्रवचनातला हा सातवा अध्याय. ते वाचून एका हिंदू माणसाने आयुष्यभर स्वतःला तपासलं, आणि आपण तो दुसऱ्यांना सुनावण्यासाठी वापरतो, हे मला फार खटकतं.

मी स्वतःलेच इतका दोष देतो की झोप येत नाही. हे पन झडतीच का?

नाही भाऊ, ताई, ही झडती नाही. २ करिंथ ७:१० मध्ये दोन प्रकारची दुःखं सांगितलीत, एक देवाकडे नेतं आणि माणूस उभा राहतो, दुसरं मरणाकडे नेतं. येशूचा शिष्य पेत्र, त्याने येशूला तीनदा नाकारलं आणि ढसाढसा रडला, पण परत आला आणि येशूने त्याच्यावर मेंढरांची जबाबदारी टाकली. १ योहान ३:२० मध्ये आहे की आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे. कर्ज, नापिकी, घरातलं भांडण यामुळे जगावंसं वाटत नसेल तर ते पाप म्हणून लपवू नका, आजच कोणाला तरी सांगा, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पास्टरसाहेबाचंच किंवा कमिटीचंच चुकत असंल तर?

१ तीमथ्य ५:१९ आणि २० दोन्ही वचनं सोबत वाचा. मंडळीच्या वडिलांवरचा (एल्डरवरचा) आरोप दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय घेऊ नका, म्हणजे ऐकीव गोष्टीवर कोणाला उडवू नका. आणि पुढचं वचन, जे पाप करत राहतात त्यांना सगळ्यांसमोर दोष दाखवा. पैशाचा प्रश्न असेल तर हिशोब मागा, शांतपणे, लेखी, आणि मंडळीच्या बैठकीत. मागण्याआधी आपली स्वतःची वर्गणी भरलीये का ते बघून घ्या.